वाळका शिरीष यंत्राविना पाडावा की उतरवावा?

बाळकूमकर (प्रश्न)

ठाण्यात बाळकूम गावठाणात आमचे जुने घर आहे. आजोबांनी ते १९६२ साली बांधले आणि त्याच पावसाळ्यात मागच्या परसात शिरीषाचे रोप लावले. परवापरवापर्यंत दुपारी तीननंतर त्याची सावली आमच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यांवर यायची. गेल्या वर्षी मात्र झाडाला पालवीच फुटली नाही. आता साल हाताने ओढली तरी पट्टीसारखी सुटून येते, बुंध्याशी उत्तरेच्या अंगाला पंख्याच्या आकाराची कडक भूछत्रे उगवली आहेत आणि मागच्या आठवड्यात वाऱ्याची झुळूकही नसताना मनगटाएवढी जाड फांदी मोरीजवळ येऊन पडली. पावसाळ्यापूर्वी झाड काढणे भाग आहे, याबद्दल घरात आता दुमत नाही.

छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर साडेसहा फूट भरतो. उंची माझ्या अंदाजाने पंचेचाळीस फूट असावी. पूर्वेला चौदा फुटांवर स्वयंपाकघर आहे, उत्तरेला शेजाऱ्यांची भिंत आणि पश्चिमेला त्यांच्याच घराकडे गेलेली विजेची तार. दक्षिणेला मात्र जुन्या विहिरीच्या कठड्यापर्यंत मोकळी पट्टी असून ती टेपने मोजली असता ५४ फूट भरली. आमची गल्ली इतकी अरुंद आहे की हायड्रा क्रेन सोडाच, टेम्पोलाही आरसे मिटूनच आत यावे लागते.

पेट्रोलवर चालणारी करवत वापरायची नाही, हे घरात ठरलेले आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांनी भाड्याने तसे यंत्र आणून पडलेली आंब्याची फांदी कापायला घेतली. यंत्राच्या पात्याचे टोक पलीकडच्या डहाळीला लागले, पाते एकदम उसळून वर आले आणि काकांच्या खांद्याला बावीस टाके पडले. त्या दिवसापासून आजीने त्या यंत्राला परसात बंदी केली आहे, आणि खरे सांगायचे तर माझीही ते हातात धरण्याची हिंमत नाही. आजोबांच्या लाकडाच्या वखारीतली दोन मुठींची लांब करवत, दोन कुऱ्हाडी, एक घण आणि पहार घरात आहेत. मी, माझा भाऊ आणि दोन मित्र असे चार जण कामाला तयार आहोत.

या साधनांनी झाड दक्षिणेकडे अख्खे पाडता येईल का? खाच किती खोल घ्यावी आणि दोर कुठे बांधावा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त वनपाल, शहापूर

आपण घेर, अंतरे आणि दिशा मोजून लिहिल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. झाडाची उंची तेवढी अंदाजाने लिहिली आहे आणि सगळा प्रश्न नेमका तिथेच अडतो. त्याकडे शेवटी येतो.

माझ्या नोकरीची पहिली वर्षे जव्हारच्या बाजूला सागाच्या कुपांत, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यांत गेली. (जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला.) तिथे करवत्यांच्या जोड्या कुऱ्हाड आणि करवत एवढ्यावर दिवसभर झाडे पाडत. त्यांच्याकडे पाहून मी एक गोष्ट शिकलो. जोडीतला जाणता माणूस पहिला घाव घालण्याआधी बराच वेळ झाडाभोवती नुसता फिरत असे. झाड कुठे कलले आहे, फांद्यांचे वजन कोणत्या अंगाला जास्त आहे, वर कुठे मोडलेली फांदी अडकून राहिली आहे आणि बुंध्यात ढोली आहे का, हे तो आधी पाही. आपणही ओळंबा हातात धरून झाडापासून दूर उभे राहा आणि दोन दिशांनी, म्हणजे एकदा दक्षिणेकडून आणि एकदा पश्चिमेकडून, खोड ओळंब्याच्या दोरीशी ताडून पाहा. नुसत्या नजरेने सरळ दिसणारे झाड दोरीशेजारी हातभर कललेले निघते.

आता आपण विचारलेल्या कापाबद्दल. साडेसहा फूट घेर म्हणजे साधारण २५ इंच व्यास. ज्या दिशेला झाड पाडायचे त्या अंगाला आधी आडवा काप घ्यायचा. त्याची खोली व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे आपल्या झाडाला पाच ते सहा इंच ठेवावी. मग वरून तिरका काप कुऱ्हाडीने असा आणायचा की तो आडव्या कापाला नेमक्या एका रेषेत मिळेल आणि खाचेचे तोंड निदान ४५ अंश उघडे राहील. ही रेषा झाडाची दिशा ठरवते. कुपातले लोक तिच्यावर सुताराचा गुण्या ठेवून काटकोनात नजर लावत आणि समोर जिथे नजर जाई तिथे खुंटी ठोकून ठेवत. खाच तिरकी झाली तर झाडही तिरकेच जाते, मग दोर कितीही ओढा.

त्यानंतर मागून, म्हणजे आपल्या बाबतीत उत्तरेकडून, करवतीने आडवा काप सुरू करायचा. तो खाचेच्या तळापेक्षा दोनेक इंच वर असावा. करवतीचे पाते पूर्ण लाकडात गेले की लगेच मागे लाकडी पाचरी बसवाव्यात, नाहीतर झाड किंचित मागे बसते आणि करवत चिमटून बसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काप आरपार न्यायचा नाही. खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे अडीच इंचांची लाकडाची पट्टी दोन्ही टोकांना सारख्या जाडीची राखायची. तिला आम्ही बिजागरी म्हणत असू, कारण दाराला बिजागरी जे काम करते तेच ती झाडाला करते. तिच्यावर झाड सावकाश वळते आणि खाच मिटली की ती तुटते. घाईच्या भरात ही पट्टी कापली गेली, तर त्या क्षणापासून झाडावर कोणाचाही ताबा राहत नाही.

हे सगळे मी सांगितले ते हिरव्या, निरोगी लाकडाबद्दल. आपला शिरीष वाळलेला आहे. वाळक्या लाकडाची बिजागरी वाकत नाही, काडकन तुटते, त्यामुळे तिच्या भरवशावर कललेले झाड दुसऱ्या दिशेला वळवण्याचा विचार करू नये. त्यात बुंध्याला भूछत्रे आली आहेत. भूछत्र बाहेर तळहाताएवढे दिसत असले तरी त्याचे काम आत वर्षानुवर्षे चाललेले असते. शिवाय घाव बसला की हादऱ्याने वरच्या वाळक्या फांद्या सुटतात आणि कामावरच्या माणसाच्या डोक्यात पडतात. कुपात मी पाहिलेल्या दोन मोठ्या अपघातांत झाड माणसावर पडले नव्हते. दोन्ही वेळा वरून फांदी आली होती.

आता उंची. अख्खे झाड पाडायचे असेल तर झाडाच्या दुप्पट उंचीच्या घेरात काम करणाऱ्यांखेरीज कोणी असू नये, असा आमचा नियम होता. गावठाणात हा नियम पाळायचा म्हणजे शेजारची घरे रिकामी करावी लागतील. ५४ फुटांच्या पट्टीत पंचेचाळीस फुटांचे झाड कागदावर बसते खरे, पण ते पंचेचाळीस फूट आहे का? एक सरळ काठी घ्या. मूठ डोळ्यांपासून जेवढ्या अंतरावर आहे तेवढीच काठी मुठीच्या वर उभी राहील अशी ती हात लांब करून धरा. मग सपाट जमिनीवर मागे सरकत जा आणि मुठीची वरची कड बुडख्याशी व काठीचे टोक शेंड्याशी जुळले की थांबा. तिथून झाडापर्यंतचे अंतर म्हणजेच झाडाची उंची. हे मोजून इथे लिहा. तोपर्यंत कुऱ्हाडीला हात लावू नका.

नेरूळवासी

वनपाल साहेबांनी तंत्र उत्तम सांगितले आहे. मी परवानगीबद्दल लिहितो, कारण आमच्या सोसायटीत ते काम माझ्याकडे होते.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत लागू आहे. आपल्याच जमिनीतले, आपल्याच आजोबांनी लावलेले झाड असले तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही आणि या कायद्यात ‘तोडणे’ या शब्दात जाळणे किंवा झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. महापालिकेच्या उद्यान किंवा वृक्ष विभागाकडे अर्ज करावा. सोबत झाडाची सर्व बाजूंनी छायाचित्रे, जागेचा साधा नकाशा आणि मालकीचा कागद जोडावा. वृक्ष अधिकारी येऊन पाहणी करतात. झाड मेलेले, रोगट किंवा जीविताला धोकादायक असल्याची त्यांची खात्री झाली तर परवानगी नाकारण्याचे कारण उरत नाही. भूछत्रांचे आणि सुटलेल्या सालीचे जवळून घेतलेले छायाचित्र अवश्य लावा.

आणखी एक गोष्ट आपल्याला लागू पडते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद आली. आपला शिरीष १९६२ चा आहे, म्हणजे साठी उलटलेला. मेलेल्या झाडाच्या बाबतीत काय अटी घालायच्या ते अधिकारी ठरवतील, परंतु वय अर्जात लपवू नये. वीजतारेसाठी महावितरणकडे आधीच लेखी कळवून कामाच्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्यावा. ढोलीत पोपट किंवा पिंगळ्याची पिल्ले आहेत का आणि शेंड्याला आग्या मोहोळ आहे का, हेही पाहावे. पिल्ले असतील तर ती उडून जाईपर्यंत काम थांबवावे लागेल.

दोराबद्दल एक अनुभव सांगतो. आमच्या सोसायटीतला गुलमोहर काढताना एका कंत्राटदाराने दोराचे दुसरे टोक सरळ टेम्पोच्या हुकाला बांधले. चालकाने क्लच सोडला तसा टेम्पोला हिसका बसला, खोड खाचेच्या रेषेवरून पिळवटले आणि शेंडा वीस फूट बाजूला, सायकलींच्या शेडवर आला. सुदैवाने माणसे दूर होती. पत्र्याखालून सात सायकली निघाल्या आणि त्यांतल्या एकीचे हँडल अजून माझ्या मुलाने आठवण म्हणून ठेवले आहे. गाडीच्या इंजिनाला दोर कधीही बांधू नये. दोर झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागात बांधून तो झाडाच्या उंचीपेक्षा लांब घ्यावा, म्हणजे ओढणारे झाडाखाली येत नाहीत. तेवढी जागा नसेल तर समोर पक्क्या आधाराला कप्पी लावून ओढण्याची दिशा बदलावी. दोर कमरेला किंवा मनगटाला गुंडाळून कोणीही ओढू नये.

दिवेकर

एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे जुनी माणसे झाडाभोवती चर खणून मुळे तोडत आणि दोर लावून झाड मुळासकट आडवे करत. बुडखाही निघून येतो आणि करवतीची गरज पडत नाही.

निवृत्त वनपाल, शहापूर

शेताच्या बांधावर ही पद्धत मीही पाहिली आहे आणि तिथे ती चालते. इथे चौदा फुटांवर १९६२ सालचा पाया आहे आणि साठ वर्षांच्या शिरीषाची मुळे त्याखाली गेलेली असणारच. शिवाय मूळ तोडत गेल्यावर झाड कोणत्या क्षणी आणि कोणत्या अंगाला बसेल हे आधी कळत नाही, कारण दिशा धरून ठेवणारी बिजागरीच तिथे नसते. ज्या झाडाची मुळे कुजली असण्याचा संशय आहे, त्याच्या बुडाशी खड्ड्यात उतरून माणसाने काम करावे हे मला मान्य नाही.

ऐरोलीचा सुतार

वनपाल काकांना नमस्कार. मी करवतीबद्दल आणि परांचीबद्दल लिहितो, बाकी त्यांनी सांगितले आहेच.

वखारीतली करवत अनेक वर्षे टांगलेली असेल तर ती तशीच झाडाला लावू नका. आधी रॉकेलच्या फडक्याने गंज आणि जुना चीक पुसा. मग पाते डोळ्यांसमोर आडवे धरून दात पाहा. ते एकाआड एक डावीकडे आणि उजवीकडे किंचित वळलेले हवेत. ते वळण गेले असेल तर पात्याने केलेली फट पात्याएवढीच राहते आणि मोठ्या लाकडात करवत अडकते. धार लावणारा जुना माणूस मिळाला तर उत्तम. परीक्षा सोपी आहे. एखाद्या जाड ओंडक्यावर दहा हात मारा. खाली पिठासारखा भुसा पडला तर करवत बोथट आहे. शेवयांच्या चुऱ्यासारखे धागे पडले तर ती कापते आहे. वाळक्या लाकडात धागे आखूड पडतात, पण पीठ पडता कामा नये.

दोघांनी करवत चालवताना प्रत्येकाने फक्त आपल्याकडे ओढायची असते, समोरच्याकडे ढकलायची नसते. ढकलली की पाते लाकडात बाक घेते आणि दोघेही दमतात. नवी जोडी पहिला अर्धा तास एकमेकांशी भांडते, मग हात जुळतात. म्हणून आधी दोन दिवस जमिनीवरच्या ओंडक्यावर सराव करा. शिरीषाच्या भुशाने शिंका येतात आणि नाक चुरचुरते, तेव्हा तोंडाला ओले फडके आणि डोळ्यांना चष्मा हवा. डोक्यावर हेल्मेट हवेच, आणि लुंगी किंवा सैल कपडे नकोत.

आता मूळ प्रश्न. मला वाटते तुम्ही ‘पाडणे’ हा शब्द सोडून द्यावा. शहरात असे झाड पाडत नाहीत, ते वरून खाली उतरवतात. हिरवे झाड असते तर चढणारा माणूस दोन दोर घेऊन चढला असता आणि एक दोर सोडण्याआधी दुसरा बांधत वर गेला असता. वाळक्या झाडावर मात्र चढू नये, कारण ज्या फांदीला तो स्वतःला बांधणार ती फांदी त्याचे वजन घेईल याची खात्री कोणी देत नाही. यावर आपल्याकडे साधा उपाय आहे, तो म्हणजे बांबूची परांची. इमारतीच्या रंगकामाला जे लोक परांची बांधतात त्यांनाच बोलवा. ती झाडाच्या भोवती, पण झाडाला कुठेही न बांधता, स्वतःच्या पायांवर उभी राहील अशी चारही बाजूंनी तिरके टेकू देऊन बांधून घ्या. काम करणाऱ्याच्या पट्ट्याचा दोर फांदीला बांधायचा नाही, परांचीच्या उभ्या जोडबांबूला बांधायचा. मग आखूड हातकरवतीने शेंड्यापासून छोटे छोटे तुकडे काढत खाली या.

तुकडा किती मोठा असावा याबद्दल लोक फसतात. एक फूट व्यासाचा आणि पाच फूट लांबीचा ओंडका वाळलेला असला तरी साठ-सत्तर किलो भरतो आणि तो परांचीला लागला तर बांबू काडीसारखा मोडतो. जाड भागाचे हात-दीड हातांचेच तुकडे करा. प्रत्येक फांदी आधी खालून तिसरा हिस्सा कापा आणि मगच वरून, दोनेक इंच पुढे, दुसरा काप घ्या. नुसती वरून कापली तर ती अर्ध्यात मोडून सालीसह खाली चिरत जाते आणि लोंबकळून परांचीवर येते. पत्र्यांच्या बाजूची प्रत्येक फांदी कापण्याआधी दोराने बांधा. दोराचे खालचे टोक पहारीला किंवा दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन एका माणसाने धरावे. वेढ्यांच्या घर्षणामुळे जड फांदीही एकट्या माणसाला सावकाश सोडता येते. तो माणूस फांदीच्या बरोबर खाली उभा नसावा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

बाळकूमकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात मोजमाप आणि अर्ज या दोन्ही गोष्टी केल्या.

काठीने उंची मोजली. पहिल्या वेळी विश्वास बसला नाही म्हणून भावाने पुन्हा मोजली. झाड ६१ फूट आहे. म्हणजे दक्षिणेकडे अगदी नेमके पाडले असते तरी शेंडा विहिरीच्या कठड्यावरून सात फूट पलीकडे गेला असता. रोज ज्याच्याखाली दात घासतो त्या झाडाची उंची मला सोळा फुटांनी चुकीची वाटत होती, याचे अजून नवल वाटते. ओळंब्यानेही खोड उत्तरेकडे, म्हणजे भूछत्रांच्याच अंगाला, थोडे कललेले निघाले.

वृक्ष अधिकारी येऊन पाहणी करून गेले आहेत. महावितरणलाही पत्र दिले आहे. ढोल्या दुर्बिणीने पाहिल्या, त्या रिकाम्या आहेत. परांची बांधणाऱ्यांशी बोलणे झाले असून वरचा ४५ फूट भाग त्यांच्याबरोबर तुकड्यांनी उतरवायचा आणि खाली सोळा फुटांचे उघडे खोड ठेवायचे, असे ठरले आहे. ते खोड दक्षिणेकडे करवतीने पाडायला जागा भरपूर आहे. आता एकच शंका उरली आहे. बुंध्यावर घणाने ठोकले असता दक्षिणेकडे टणक आवाज येतो आणि उत्तरेकडे मडके वाजावे तसा पोकळ येतो. अशा बुंध्यात बिजागरी राहील का?

निवृत्त वनपाल, शहापूर

आपण उंची मोजली याचे मला फार समाधान वाटले.

पोकळ आवाज येतो तिथे बिजागरी घेऊ नये. खोड खाली कुजलेले असले तरी वर अनेकदा भरीव असते, म्हणून ते कुठे भरीव आहे ते शोधावे लागेल. सुताराकडचे हाताने फिरवायचे गिरमिट घ्या आणि जमिनीपासून एक, अडीच आणि चार फुटांवर, उत्तरेकडून आणि बाजूंनी, आत सरळ भोक पाडत बाहेर येणारा कीस पाहा. शिरीषाचा बाहेरचा थर फिकट असतो आणि आतला गाभा गडद तपकिरी. गडद रंग म्हणजे कूज नव्हे, हे लक्षात ठेवा. कीस कडक आणि वेटोळ्यांचा आला तर लाकूड निरोगी आहे. तो ओलसर, काळपट आणि बोटांत चुरा होणारा आला, किंवा गिरमिट एकदम सैल आत गेले, तर तिथे लाकूड उरलेले नाही. ज्या उंचीवर सर्व बाजूंनी भरीव लाकूड लागेल तिथेच खाच आणि मागचा काप घ्यायचा, मग बुडखा उंच राहिला तरी चालेल.

उंचावर काप घेण्याने एक नवा धोका येतो. खोड पुढे पडताना त्याचा मागचा भाग बुडख्यावरून उसळून मागे येतो. म्हणून झाडाच्या बरोबर मागे कोणी उभे राहू नये. पडण्याच्या दिशेच्या उलट, पण डाव्या आणि उजव्या हाताला तिरक्या अशा दोन वाटा आधीच साफ करून ठेवाव्यात. लाकूड कुरकुरू लागले की करवत तिथेच सोडून आपापल्या वाटेने वीस फूट दूर जायचे. करवतीची किंमत माणसाएवढी नाही. जिथे खोड पडणार तिथे टाकाऊ टायर अंथरा, म्हणजे हादरा घराच्या पायापर्यंत जाणार नाही. काम सकाळी सातला सुरू करून दहापर्यंत आटोपा. उन्हाळ्यात दुपारनंतर खाडीकडचा वारा जोर धरतो. घरातल्या एका व्यक्तीने फोन हातात घेऊन केवळ पाहत राहावे, १०८ क्रमांक त्या व्यक्तीला पाठ असावा आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकारही तिच्याकडेच असावा.

बाळकूमकर

गिरमिट फिरवून पाहिले. एक फुटावर उत्तरेकडून तीन इंचांनंतर चहाच्या चोथ्यासारखा ओला चुरा बाहेर आला. अडीच फुटांवर तेच, फक्त पाच इंचांनंतर. चार फुटांवर मात्र तिन्ही बाजूंनी नऊ इंचांपर्यंत कडक तपकिरी वेटोळी निघाली. तेव्हा काप चार फुटांवर घ्यायचा ठरले आहे. बुडख्यावर बसून आपण देखरेख करणार, असे आजीने जाहीर केले होते. तिला ओट्यावर खुर्ची देऊन ‘थांबा’ म्हणण्याचे काम तिच्याकडे सोपवले आहे.

ऐरोलीचा सुतार

चार फुटांवर, म्हणजे जवळजवळ छातीसमोर, करवत ओढायला सोयीचे पडेल. शेवटचे एक पाहून ठेवा. जुन्या करवतीची एक मूठ खिळा काढून सुटी करता येते. तो खिळा गंजला असेल तर आजच तेल सोडून मोकळा करा. मागे पाचरी ठोकल्यावर करवत मागून बाहेर निघत नाही, ती एक मूठ काढून बाजूनेच ओढून घ्यावी लागते आणि त्या वेळी खिळा हलत नाही असे लक्षात आले तर फार उशीर झालेला असतो.